खांबाला सलाम, बायकोला काडीमोड

फौजी जावई म्हणजे वस्तीत सोनं. महिन्याच्या महिन्याला पगार, कँटीनचं सामान, म्हातारपणी पेन्शन, आणि ह्या सगळ्याच्या वर मान. ज्या गावात आपल्या बापाला सायकलवरनं उतरून चालायला लावलं त्याच गावात आपला पोरगा कडक इस्त्रीच्या वर्दीत फिरतो, तेव्हा छाती फुगते. फुगावीच. ती वर्दी कुणी दान दिलेली नाही. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९१० साली सरकारकडं अर्ज केला, की आमच्या पोरांना पलटणीत घ्या. १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली, लढाई संपली, गरज सरली, मोडून टाकली. मग १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट. म्हणजे अर्ज, लढाई, पुन्हा अर्ज. दर १ जानेवारीला आपण कोरेगावच्या खांबापुढं उभे राहतो ते उगाच नाही.

हे सगळं मला मान्य आहे. पण मला लिहायचंय त्या वर्दीतल्या माणसाच्या बायकोबद्दल. त्याने टाकलेल्या बायकोबद्दल. कारण तिच्यावर आपण एक ओळ लिहिलेली मला आठवत नाही.

आमच्याकडं एक ताई आली. नाव, गाव, नवऱ्याची पलटण, काही सांगत नाही. लग्नाला अकरा वर्षं. दोन पोरं. नवरा नाईक. दरवर्षी सुट्टीवर यायचा. ह्या वेळी आला तो स्टॅम्पपेपर घेऊनच. सासरा, चुलतसासरा आणि गावातले चार मानकरी ओट्यावर बसले. "सही कर, काडीमोड झाली, तू मोकळी तो मोकळा." तिने सही केली. पुढच्या सुट्टीत त्याने दुसरीशी लग्न लावलं, त्रिसरण-पंचशील म्हणून, बाबासाहेबांच्या फोटोपुढं. जयभीमवाले मांडवात जेवून आले.

तो स्टॅम्पपेपर मी वाचला. "आमच्या समाजाच्या रूढीनुसार" अशी सुरुवात. कोणती रूढी रे भावा? १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण सगळी रूढी नागपुरात सोडून आलो ना? मग बायको सोडायची वेळ आली की ती कशी काय आठवते? काडीमोड ही आपल्यात होती, खरंय. वरच्या जातीतल्या विधवेचं डोकं भादरत होते तेव्हा आपल्या आज्या काडी मोडून, पाट लावून पुन्हा संसाराला लागत होत्या. तो बाईच्या सुटकेचा रस्ता होता. आता तो पुरुषाच्या सोयीचा झालाय. कायद्याचं म्हणाल तर १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे, कलम २ मध्येच तसं लिहिलंय. कलम २९ रूढीने होणारा घटस्फोट वाचवतं, हेही खरं. पण रूढी सांगणाऱ्याने ती कोर्टात सिद्ध करायची असते, की ती जुनी आहे, अखंड चालत आलीय. नोटरीचा शिक्का म्हणजे कोर्टाचा हुकूमनामा नव्हे. थोडक्यात, त्या ओट्यावर बहुतेक वेळा काहीच मोडत नाही. ती अजून त्याची कायदेशीर बायको आहे. दुसरं लग्न बेकायदा आहे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत कैद. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. मांडवात जेवणाऱ्यांनी तर नाहीच.

तिला दुसरं एक सांगितलं होतं. एका वकिलाने. "बाई, फौजीचा पगार कोर्टाला जप्त करता येत नाही, कशाला केस करता?" हे अर्धसत्य म्हणजे साला पुऱ्या खोट्यापेक्षा वाईट. आर्मी ॲक्ट १९५० चं कलम २८ सांगतं की दिवाणी कोर्टाच्या हुकमाने शिपायाच्या पगारावर जप्ती आणता येत नाही. बरोबर. पण त्याच कायद्याची पानं पुढं उलटली तर कलम ९० आणि ९१ आहेत. ९० अधिकाऱ्यांसाठी, ९१ बाकीच्यांसाठी. बायकोच्या आणि पोरांच्या पोटगीसाठी फौज स्वतः त्याच्या पगारातून पैसे कापू शकते. पोरं औरस असोत की अनौरस, कायदा दोघांचं नाव घेतो. म्हणजे कोर्टाला जे दार बंद आहे ते फौजेने आतून उघडं ठेवलंय. वकिलाला हे माहीत नसेल तर त्याने फी परत करावी.

किती कापतात? आर्मी ऑर्डर २/२००१ प्रमाणे बायकोसाठी जास्तीत जास्त २२ टक्के, प्रत्येक मुलामागं ५.५ टक्के, आणि सगळं मिळून ३३ टक्क्यांच्या वर नाही. पगार-भत्ते मिळून ४०,००० धरा. बायकोचे ८,८०० आणि दोन पोरांचे २,२०० प्रमाणे ४,४००. झाले १३,२००. तिथं ३३ टक्के भरले. तिसरं पोर असेल तर त्याच्यासाठी वेगळा पैसा नाही, आहे त्यातच. यासाठी सीओ साहेबाच्या नावाने अर्ज लागतो. अर्जात नवऱ्याचा आर्मी नंबर, रँक, युनिट, लग्नाचा पुरावा, पोरांचे जन्मदाखले, आपली मिळकत, बँकेचं खातं. नवऱ्याकडून खुलासा मागतात, मग कागद वरच्या कमांडकडं जातो, मंजुरी तिथून. वेळ लागतो. पण वकील लागत नाही.

लग्नाचा पुरावा, इथं आपलीच माती. लग्न झाल्यावर शिपायाने युनिटात कळवायचं असतं, त्याची पार्ट टू ऑर्डर निघते, बायकोचं नाव रेकॉर्डला चढतं. पुष्कळजण कळवतच नाहीत, किंवा वर्षांनी कळवतात. लग्न बौद्ध पद्धतीने लागलेलं, पत्रिका हरवलेली, फोटो सासरी. १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली नोंद केलेली नाही. मग बाई अर्ज करते आणि फौजेच्या कागदात ती नाहीच! भन्तेजींनी गाथा म्हटल्या तेवढ्याने भागत नाही. लग्न लागलं की त्या आठवड्यात नोंदणीचा दाखला आणि नवऱ्याचा आर्मी नंबर, दोन्ही पोरीच्या आईकडं पाहिजेत. सत्यनारायण घालत नाही म्हणून आपण पुढारलेले, पण दाखला काढायचा म्हटलं की कपाळावर आठ्या.

कोर्टात गेलं तरी निराळीच गंमत. १९२५ चा एक कायदा आहे, इंग्रजांचा, इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट. शिपाई विशेष परिस्थितीत नोकरीवर असेल तर त्याच्यावरचा खटला थांबवून ठेवता येतो. हा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. बर्फात उभ्या असलेल्या माणसाविरुद्ध मागच्या मागं एकतर्फी निकाल लागावा हे कुणालाच पटणार नाही. पण तारीख पडते, तो येत नाही, पुन्हा तारीख पडते, सुट्टी मिळाली नाही म्हणून पत्र येतं. जवानाला वर्षाला ६० दिवस सुट्टी. त्या साठ दिवसांत तो घर बांधतो, बहिणीचं लग्न लावतो, दुसरं लग्नही करतो, फक्त कोर्टात यायला जमत नाही. म्हणून सांगतो, अर्जाची तारीख महत्त्वाची. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने रजनेश विरुद्ध नेहा ह्या खटल्यात ठरवून दिलंय की पोटगी अर्ज केला त्या दिवसापासून धरायची, आणि दोघांनीही आपली मिळकत शपथेवर उघड करायची. तेव्हा रडत बसायच्या आधी अर्ज. आणि त्यासाठी सागरला की जम्मूला जायची गरज नाही. घटस्फोटाचा दावा बाईला ती राहते तिथल्या कोर्टात लावता येतो, २००३ पासून तशी दुरुस्ती आहे. पोटगीचा जुना कलम १२५ आता १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचा कलम १४४ झालाय. नंबर बदलला, आतलं तेच.

आता जे लिहायला मला जड जातंय ते. आम्ही पोरं तापलो होतो. म्हटलं, ताई, सीओला लिहू, दोन बायका केल्यात म्हणून, नोकरी घालवू त्याची! फौजेत दोन बायका चालत नाहीत, घरी बसवतात. ताई एकदम म्हणाली, "नको दादा. पगार गेला तर माझी पोरं काय तुमच्या घोषणा खातील?"

ह्यावर आमच्यापैकी कुणाकडं उत्तर नव्हतं. तिचा राग आमच्यापेक्षा मोठा होता, पण हिशेबही मोठा होता. त्याला बडतर्फ केलं की न्याय होतो आणि १३,२०० बंद होतात. कायद्याने बाईला असल्या कोपऱ्यात उभं केलंय की तिने सूड आणि पीठ यातलं एक उचलावं. तिने पीठ उचललं. मी तिच्या बाजूने आहे. ज्याला हे लाचारीचं वाटतं त्याने दोन पोरं घेऊन एक महिना काढून दाखवावा.

आणि ती दुसरी? तिला शिव्या देणं सोपंय. तीही आपल्याच वस्तीतली, तिच्या बापानेही कर्ज काढलंय. तिचं लग्न कायद्याने लग्नच नाही. तिच्या पोरांना कलम १६ औरस मानतं, पण उद्या हा गेला तर विधवा म्हणून पेन्शन तिला नाही. एका माणसाने दोन घरं उसवली.

खरा घटस्फोट, कोर्टाचा, झाला की काय जातं हे बाईला आधी नीट सांगितलं पाहिजे. कँटीनचं कार्ड जातं, मिलिटरी हॉस्पिटल जातं, क्वार्टर जातं. सगळ्यात मोठं म्हणजे फॅमिली पेन्शन. शिपायाला पंधरा वर्षं भरली की पेन्शन बसते, तो गेल्यावर विधवेला साधारण फॅमिली पेन्शन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. घटस्फोटितेला शून्य. तिने पंधरा वर्षं त्याची म्हातारी सांभाळली, शेत सांभाळलं, पोरं वाढवली, ती नोकरी कुठं मोजली जात नाही. अमेरिका, जगभर बॉम्ब टाकणारी भांडवली अमेरिका, तिनेही १९८२ साली कायदा करून फौजीच्या घटस्फोटित बायकोला त्याच्या पेन्शनीत वाटा देण्याची मुभा कोर्टांना दिली. आपल्याकडं असा कायदा नाही. नवरा-बायकोची कमाई वाटून घेण्याचाच कायदा नाही. म्हणून "परस्पर संमती" म्हणून कागद पुढं आला तर सही करू नये, आधी कलम २५ ची कायमची पोटगी, पोरांचं शिक्षण, राहायची जागा, सगळं त्याच हुकूमनाम्यात लिहून घ्यावं. आर्मी ॲक्टमध्ये शब्द आहे 'बायको'. हुकूमनामा झाला की ती बायको राहत नाही, मग फौजेच्या त्या दारावर भरवसा ठेवून चालत नाही. कुणी न्यायिक विभक्तीचा सल्ला देतं, त्यात ती बायकोच राहते, पेन्शनचा हक्क राहतो. ठीक आहे, पण वर्षभर एकत्र आले नाहीत तर त्यावरूनच नवरा घटस्फोट मागू शकतो, हेही सांगा.

पोरांचं थोडक्यात. १९५६ च्या कायद्याने बाप नैसर्गिक पालक, पण पाच वर्षांखालचं पोर साधारणपणे आईकडं. बाप पोराचा ताबा मागतो तेव्हा त्याला एकच विचारावं, तुझं पोस्टिंग कुठं? पोर सांभाळणार कोण? म्हणजे पोर आजीकडं जाणार. मग आईकडं का नको?

बाई स्वतः वर्दीत असली तर सुटली असंही नाही. मिलिटरी नर्सिंगमधल्या लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली काढलं, कारण त्यांनी लग्न केलं! सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये ६० लाख भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षांनी.

जवान आपला दुश्मन नाही. वीस-बावीसचं पोरगं उचलून दोन हजार किलोमीटरवर टाकतात, बायको सासरी, फोनवर आई एक सांगते बायको एक, पैसे बापाच्या खात्यावर जातात, संशय वाढतो. ह्यातलं पुष्कळ मोडणं टाळता येण्यासारखं असतं, पण फौजेला माणूस पाहिजे असतो तो एकटा. हे समजतं. तरी स्टॅम्पपेपर त्याने स्वतःच्या पायाने जाऊन आणला.

आपल्यातले काही म्हणतात, घरातली भांडणं कशाला चव्हाट्यावर, शत्रूला आयतं मिळतं. ज्या शिवराम जानबांनी फौजेसाठी अर्ज लिहिले त्यांनीच १९०८ साली सुरू केलेल्या 'सोमवंशीय मित्र'मधून मुरळ्या सोडण्याच्या चालीवर कोरडे ओढले. आपल्याच घरातल्या चालीवर. त्यांना शत्रूची भीती वाटली नाही. सुभेदाराच्या पोराने सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं, त्याच्या कारणांत हिंदू कोड बिल होतं, बाईला घटस्फोट आणि वारसा मिळावा म्हणून. त्या बापाचं नाव घेऊन ओट्यावर काडीमोड करता होय रे?

आमच्या शाखेने ठरवलंय. येत्या १ जानेवारीला कोरेगावात पुस्तकांच्या स्टॉलला लागून एक टेबल टाकायचं. त्यावर सीओच्या नावाचे अर्ज, मराठी-हिंदी दोन्हीत छापलेले, मोकळ्या जागा सोडून. विधी सेवा प्राधिकरणाचा फॉर्मही, कारण १९८७ च्या कायद्याने बाईला आणि अनुसूचित जातीच्या माणसाला मिळकत न बघता फुकट वकील मिळतो. २०२५ च्या जुलैत त्याच प्राधिकरणाने जवान आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वेगळी योजना काढली. जवान विरुद्ध त्याचंच कुटुंब असा मामला आला की ती कुणाच्या बाजूने उभी राहते ते बघायला एक-दोन अर्ज तिकडंही घालू. टेबलावर बसायला बाया पाहिजेत, नुसती पोरं नकोत, नाहीतर कुणी ताई जवळ यायची नाही. ज्यांना टाइप येतं, ज्यांची वकिली चालू आहे, ज्यांच्या घरात कुणी रिटायर सुभेदार आहे आणि ज्याला युनिटातले कागद कसे फिरतात ते माहीत आहे, त्यांनी डिसेंबरच्या आत कळवा.

त्या ताईच्या अर्जाला चार महिने झाले. युनिटाकडून पोच आलीय, नवऱ्याचा खुलासा मागवलाय म्हणून. दुसरं स्मरणपत्र परवा टाकलं.