मागील पडवीतली काकू

लातूरकडच्या आमच्या मूळ घरी मागील पडवीत वडिलांची एक काकू राहत असे. सारे घर तिला काकू म्हणे, म्हणून आम्हीही तसेच म्हणत असू. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही मुले हैदराबादेहून तेथे जात असू. काकूचे अंथरूण, ताट, तांब्या सारे वेगळे. ती देवघरात येत नसे, लग्नकार्याला जात नसे आणि पाणी फार थोडे पीत असे. तिच्याजवळून जाताना मुले नाक दाबून पळत. मीही पळालो आहे. हे लिहिताना आज लेखणी अडखळते. ‘पूर्वजन्मीचे भोग’ एवढे म्हणून वडीलधारी माणसे विषय संपवीत.

तेराव्या वर्षी तिचे पहिले बाळंतपण झाले, तीन दिवस वेणा चालल्या आणि मूल मृत जन्मले, इतके आजीकडून ऐकले होते. त्याचा अर्थ मात्र डॉक्टर झालेल्या माझ्या एका विद्यार्थिनीने अलीकडे उलगडून सांगितला. अडलेल्या बाळंतपणात गर्भाचे मस्तक कटीच्या हाडांत रुतून बसते. मूत्राशय व योनिमार्ग यांमधला कोवळा पडदा त्या दाबाखाली सापडतो, त्याचा रक्तपुरवठा थांबतो, आणि काही दिवसांत तो भाग गळून पडून तेथे छिद्र राहते. यालाच फिस्टुला म्हणतात. (भगंदर निराळा, आपल्याकडे दोहोंची गल्लत होते.) मग लघवी अहोरात्र, नकळत झिरपत राहते. मांड्या सोलवटतात. वास येऊ नये म्हणून बाई पाणी तोडते, त्याने लघवी अधिकच तीव्र होते, दाह आणि वास दोन्ही वाढतात. कधी मज्जातंतू दबल्याने पाऊल लुळे पडते. काकू एक पाय ओढीत चाले. आम्ही तो वात समजत होतो.

सुश्रुताने मूढगर्भावर स्वतंत्र अध्याय लिहिला आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी लिहिलेला प्रबंध प्रसूतिशास्त्रावरच होता. त्यांचा स्वतःचा मुलगा जेमतेम दहा दिवस जगला होता. या छिद्राच्या शस्त्रक्रियेचा इतिहास मात्र निर्मळ नाही. अमेरिकेतील अलाबामा राज्यात मॅरियन सिम्स याने १८४५ ते १८४९ या काळात गुलाम स्त्रियांवर, भूल न देता, ती पुनःपुन्हा करून पाहिली. अनार्का, ल्युसी, बेट्सी ही त्यांपैकी तिघींची नावे. न्यूयॉर्कच्या उद्यानातील त्याचा पुतळा २०१८ साली हलविण्यात आला.

आज कुशल हातांनी बहुतेक छिद्रे बुजविता येतात. छिद्र ताजे व लहान असेल तर मूत्राशयात काही आठवडे नळी ठेवल्याने ते कधी आपोआपही मिटते. आपल्या देशात आता गर्भाशय काढताना झालेल्या इजेमुळेही हा विकार उद्भवतो. म्हणून तो केवळ खेड्यातला, केवळ जुन्या काळचा, असे समजू नये. येथील उस्मानिया व गांधी या दोन्ही सरकारी रुग्णालयांत मूत्ररोगाचे विभाग आहेत. आपल्या नात्यातली एखादी बाई प्रवास टाळीत असेल, चारचौघांत बसत नसेल, तर घरातील स्त्रियांनी तिला एकांतात विचारावे. ती आपण होऊन सांगणार नाही.

काकू १९८४ साली गेली. सुलतान बाजारातल्या आमच्या घरापासून उस्मानिया रुग्णालय पायी जाण्याच्या अंतरावर होते. तिला एकदा हैदराबादेस आणावे, असे आमच्यापैकी कोणीही म्हणाले नाही.