लय चुकलेले हृदय आणि औषधाचे मोल

वृद्ध माणसाला धाप लागू लागली, पायांवर सूज आली किंवा चालताचालता भोवळ येऊन तो पडला, की ‘वय झाले’ एवढ्या दोन शब्दांत त्याची बोळवण करण्याची आपल्याकडे रीत आहे. यांपैकी काहींच्या दुखण्याचे मूळ मात्र अमिलॉयडोसिस या विकारात असते. शरीरातील विशिष्ट प्रथिनांची घडी चुकते, त्यांचे चिवट तंतू बनतात आणि ते हृदयाच्या स्नायूत साचत जातात. हृदयाच्या भिंती जाड व ताठर होतात. इतकेच नव्हे, तर ठोक्यांचे नियमन करणाऱ्या विद्युत्संदेशांच्या वाटाही या साचण्याने अडतात.

याचे परिणाम दुहेरी होत. हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय बिघडली, की तेथे रक्ताची गुठळी होण्याचा व ती मेंदूत जाऊन पक्षाघात होण्याचा धोका वाढतो. वरचा संदेश खाली पोहोचेनासा झाला, तर पेसमेकर बसवावा लागतो. पेसमेकर ठोका सांभाळतो. साचलेले प्रथिन मात्र तो हलवू शकत नाही. शिवाय ठोके आवरण्यासाठी सर्रास दिली जाणारी व्हेरापामिल व डिल्टियाझेम ही औषधे येथे टाळावी लागतात आणि डिगॉक्सिन अतिशय जपून द्यावे लागते. निदान चुकले, तर उपचारही उलटतो तो असा.

प्रश्नाची दुसरी बाजू आर्थिक आहे. यकृतात तयार होणाऱ्या ट्रान्सथायरेटिन या प्रथिनामुळे होणाऱ्या प्रकारावर टाफामिडिस हे औषध निघाले. ४४१ रुग्णांवरील त्याच्या चाचणीचे निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. तीस महिन्यांत औषध न मिळालेल्यांपैकी ४२.९ टक्के, तर मिळालेल्यांपैकी २९.५ टक्के रुग्ण दगावले. २०१९ मध्ये अमेरिकेत हृदयविकारासाठी त्यास मान्यता मिळाली, तेव्हा त्याची किंमत वर्षाला २,२५,००० डॉलर ठेवण्यात आली. रुग्ण थोडे, म्हणून किंमत जास्त, हे त्यामागील गणित. दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या रोगांवरील औषधांना सात वर्षांची मक्तेदारी देणारा अमेरिकेचा १९८३ चा कायदा याच गणितावर उभा आहे. तथापि हाडांच्या स्कॅनवरून, ऊतीचा तुकडा न काढताही, हा प्रकार ओळखता येऊ लागल्यापासून पूर्वी नजरेआड राहिलेले रुग्ण पुढे येऊ लागले. दुर्मिळता बव्हंशी निदानाच्या अभावातून आलेली असेल, तर तिच्यावर आधारलेल्या किमतीचे समर्थन दुबळे पडते.

किमतीला आवर घालण्याचे साधन भारतापाशी आहे. १९७० च्या पेटंट कायद्यातील सक्तीच्या परवान्याची तरतूद २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगावरील औषधासाठी वापरली गेली आणि महिन्याला सुमारे २ लाख ८० हजार रुपयांचा खर्च ८,८०० रुपयांवर आला. परंतु केवळ स्वस्त औषधाने भागणार नाही. त्याच चाचणीत विकार बळावलेल्या रुग्णांना लाभ कमी झाला. त्यांना रुग्णालयात दाखल करण्याचे प्रसंग उलट वाढले. उशिरा दिलेले महागडे औषध हा रुग्णाचा आणि समाजाचाही अपव्ययच होय.

म्हणून पहिली गुंतवणूक निदानात व्हावयास हवी. इकोमध्ये भिंती जाड आणि ईसीजीवरील लाटा मात्र लहान, ही विसंगती संशयास पुरेशी आहे. दोन्ही हातांना मुंग्या आणणारा मनगटातील नसेचा दाब कित्येकदा अनेक वर्षे आधीच सूचना देतो. मात्र स्कॅनच्या जोडीला रक्त व लघवीची तपासणी अपरिहार्य आहे. कारण अस्थिमज्जेतील पेशींपासून उद्भवणारा दुसरा प्रकार अधिक झपाट्याने घात करतो आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत. ईसीजीचे यंत्र महाग नाही. महाग आहे ती त्यावरील खूण न ओळखता गेलेली वर्षे. ती खूण ओळखणारा डॉक्टर जिल्हा रुग्णालयात घडविणे आणि औषधाच्या किमतीवर अंकुश ठेवणे, ही दोन्ही कामे शासनाने एकाच वेळी अंगावर घेतली पाहिजेत. एकावाचून दुसरे निष्फळ ठरेल.