तपानंतरची केसगळती

पर्युषण सरून दोन-तीन महिने लोटले की अनेक घरांतील श्राविकांच्या कंगव्यात केसांचे पुंजके दिसू लागतात. अठ्ठाई किंवा मासक्षमणाचे पारणे केव्हाच झालेले असते. म्हणून दोष तेलाला वा पाण्याला दिला जातो. वस्तुतः आहार दीर्घकाळ घटला, प्रसूती झाली किंवा मोठा ताप येऊन गेला, की बरेच केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. मुळे शाबूत असल्याने ही गळती बहुधा सहा महिन्यांत थांबते. एरवीही दररोज 50 ते 100 केस गळणे स्वाभाविकच होय.

रजोनिवृत्तीच्या सुमाराचा बदल निराळा. केस बारीक होतात, भांग रुंदावत जातो. त्यावरील औषध त्वचारोगतज्ज्ञांच्या सल्ल्यानेच घ्यावे. गुण दिसण्यास काही महिने लागतात.

गळती लांबल्यास हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड व बी-12 तपासून घ्यावे. बी-12 वनस्पतिजन्य अन्नातून मिळत नाही. शाकाहारी घरात दूध-दही हाच त्याचा मुख्य आधार. चुडाव्यासारख्या गावातून रेल्वेने नांदेड गाठता येते; तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तपासणी होऊ शकते.

कलप लावण्याच्या 48 तास आधी थोडा कानामागे लावून पाहावा. ‘काळ्या मेंदी’तही पीपीडी हे रसायन असू शकते व त्याने सूज येते.

पारण्यानंतर डाळी, कडधान्ये, दूध हळूहळू वाढवावे. आणि घरातील स्त्रीने सर्वांत शेवटी, उरलेसुरले जेवण्याची रीत सोडावी. कोणत्याही तेलापेक्षा तिचे ताट भरलेले असणे महत्त्वाचे.