कुत्र्याचा डॉक्टर कुठे शोधावा?

वाचकहो, पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे शेकतो. दुसऱ्या दिवशी त्यांना सजवतो, घरात घ्यायच्या आधी ओवाळतो, पुरणपोळी चारतो. बैलाचे आपल्यावर उपकार आहेतच. पण रात्रभर वावराच्या धुऱ्यावर बसून रानडुकरांवर आणि रोह्यांवर भुंकणारा जो आपला गडी आहे, त्याचा सण कुठल्या पंचांगात लिहिलेला नाही. त्याला उरलीसुरली भाकर मिळते आणि तो तेवढ्यावर खूश असतो. तो आजारी पडला म्हणजे मात्र आपली पंचाईत होते. गाय आजारी पडली तर कोणाला बोलवायचे हे घरातले पोट्टेही सांगते. कुत्र्याला कोणाकडे न्यायचे, हे घरातला कर्ता माणूसही सांगू शकत नाही.

तळेगावचीच गोष्ट सांगतो. आमचे तळेगाव म्हणजे श्यामजी पंताचे, आष्टी तालुक्यातले, नागपूर-अमरावती रस्त्यावरचे. रस्ता मोठा, वाहतूक अखंड, पण कुत्र्याचा म्हणून जो दवाखाना शहरात असतो तो इथून फार लांब. आमच्या शेजारच्या काकाजींच्या संत्र्याच्या बगिच्यात भुऱ्या नावाचा कुत्रा होता. चार वर्षांचा, अंगाने दणकट. त्याने जागल केली म्हणून काकाजींना रात्री दोन तास तरी डोळा लागायचा.

वैशाखात गावात एक मोटारसायकलवाला आला. खांद्याला रेक्झिनची पिशवी. "कुत्र्यांना पिसाळण्याची लस देतो, सरकारी भावात," म्हणाला. देवळासमोरच्या पारावर दहा-बारा कुत्री जमली. त्याने पिशवीतून बाटली काढली, एकाच सुईने सगळ्यांना टोचले, पैसे घेतले आणि गेला. कागद दिला नाही, नाव सांगितले नाही. मी तिथेच उभा होतो. बाटलीला बर्फ नाही, डबा नाही, बाहेर विदर्भातला वैशाख. मला तेव्हा काही विचारावेसे वाटले नाही, हे कबूल केले पाहिजे. सगळे टोचून घेत होते, मीही आमच्या कुत्रीला टोचून घेतले.

मंडळी, ही लस म्हणजे काही ताप-खोकल्याची गोळी नव्हे, की खिशात ठेवली तरी चालेल. ती 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्येच राहावी लागते, कारखान्यापासून सुईपर्यंत. उन्हात तापलेली लस बाटलीत तशीच दिसते, रंग बदलत नाही, वास येत नाही. टोचलेल्या कुत्र्यालाही काही होत नाही. फक्त ती काम करत नाही. आणि मालक वर्षभर निश्चिंत राहतो. यातला खरा घात तो आहे. लस दिलीच नसती तर माणूस निदान सावध राहिला असता.

पौषात भुऱ्याने खाणे सोडले. खालचा जबडा लोंबायला लागला, तोंडातून लाळ गळू लागली, भुंकणे घोगरे झाले. चावायला कोणाच्या अंगावर गेला नाही. उलट एका कोपऱ्यात बसून राहिला. काकाजी म्हणाले, "हाड अटकलं वाटते बुवा घशात." आणि त्यांनी त्याच्या तोंडात हात घालून चाचपले. तुरी सोंगताना विळा लागून त्यांच्या बोटाला आदल्याच दिवशी काप गेला होता. हाड काही सापडले नाही. काकाजींनी धोतराला हात पुसला आणि चहा घेतला.

तुमच्यापैकी किती जणांनी असा हात घातला असेल? कुत्र्याच्याच नव्हे, म्हशीच्याही तोंडात? आपल्या मनात पिसाळलेला कुत्रा म्हणजे धावून येणारा, दिसेल त्याला चावणारा. पण या रोगाचे दुसरेही रूप आहे, मुके. त्यात कुत्रा गप्प होतो, जबडा व घसा लुळा पडतो, गिळता येत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते घशात काही अडकले. रोगाचे विष लाळेत असते. कापलेल्या बोटाला ती लाळ लागली म्हणजे चावल्यासारखेच झाले.

काकाजींच्या मुलाने आधी गावात येणाऱ्या एकाला बोलावले. हा माणूस गाईंना कृत्रिम रेतन करतो, त्या कामात हात चांगला आहे. त्याने दुरूनच पाहिले, "ताप आहे" म्हणाला, आणि बैलाच्या इंजेक्शनातले थोडेसे भरायला लागला. "थोडेसे" म्हणजे किती? बैल चारशे किलोचा, कुत्रा वीस किलोचा. माप डोळ्याने. सुदैवाने मुलाच्या मनात शंका आली. त्याने आर्वीकडच्या एका पशुवैद्यांचा क्रमांक शोधून फोन लावला. डॉक्टरांनी सगळे ऐकून घेतले आणि पहिला प्रश्न औषधाचा नाही केला. विचारले, "त्याच्या तोंडात हात कोणी घातला का?"

वाचकहो, भरवशाचा डॉक्टर कोणता, हे मला त्या एका प्रश्नात कळले. त्यांनी कुत्रा आणू नका म्हणून सांगितले. खोलीत बंद करा, दारातून पाणी ठेवा, जवळ जाऊ नका. काकाजींचा हात साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा, घड्याळ लावून धुवा. चुना, हळद, तिखट काही भरू नका. आणि आजच, उद्या नाही, माणसांच्या सरकारी दवाखान्यात जा. "पण भुऱ्याले लस देल्ली होती ना डॉक्टरसाहेब," काकाजी मागून म्हणाले. डॉक्टर म्हणाले, "कार्ड आहे का?" कार्ड कुठून असणार?

पहिल्या दवाखान्यात लस होती, पण जखमेत भरायचे सीरम संपले होते. ते दुसरीकडे मिळाले. तेव्हा निघण्यापूर्वी फोन करून "लस आणि सीरम, दोन्ही आहे का" हे विचारून घ्यावे. सीरम हे जखमेत व तिच्याभोवती द्यायचे असते आणि लस शरीराला स्वतःचे बळ येईपर्यंतच्या दिवसांत ते आधार देते. नंतर लशीच्या तारखा, पहिल्या दिवसानंतर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा. दवाखान्यानुसार पद्धत थोडी वेगळी असते, पण तारीख चुकवायची नाही एवढे खरे. पोटात चौदा सुया घेण्याची भीती अजून जुन्या लोकांच्या मनात आहे. ती लस आपल्या देशात वीसेक वर्षांपूर्वीच बंद झाली. आता दंडात किंवा कातडीत देतात आणि काकाजी म्हणतात त्याप्रमाणे बोरीचा काटा जास्त दुखतो.

भुऱ्या चौथ्या दिवशी गेला. काकाजी आज धडधाकट आहेत. हा रोग एकदा माणसाला दिसू लागला की त्यावर उपाय जवळजवळ नाहीच. म्हणून जे करायचे ते आधी.

आता डॉक्टर शोधायचा कसा? पहिली गोष्ट, ढोरांचा डॉक्टर वेगळा आणि कुत्र्यांचा वेगळा ही समजूत काढून टाका. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची असते आणि तीत गाय, घोडा, शेळी, कोंबडी, कुत्रा सगळे येते. आपल्या भागात गवळाऊ बैलाची आणि दुधाची चिंता मोठी म्हणून डॉक्टरचा दिवस गोठ्यातच जातो, एवढेच. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्रा नेलात तर तो तुमचा हक्क आहे, उपकार नव्हे. मात्र सकाळी गाई-म्हशींची गर्दी असते तेव्हा न जाता आधी फोन करून वेळ विचारून गेलात तर डॉक्टर निवांतपणे पाहतात, असा माझा अनुभव आहे.

दुसरे, समोरचा माणूस नोंदणी झालेला पशुवैद्य आहे का, हे विचारायला लाजू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम 1984 चा आहे आणि त्यानुसार रोगाचे निदान करून औषध देणे हे नोंदणीकृत पदवीधराचे काम. पदविकाधारकांना शासन ठरवून देईल ती किरकोळ सेवा देता येते, तीही पदवीधराच्या देखरेखीखाली. गावोगाव रेतन करणारे, मलमपट्टी करणारे आपले भाऊबंदच आहेत. त्यांच्यावर राग धरायचे कारण नाही. ते आहेत म्हणून रात्री-बेरात्री गाईजवळ कोणीतरी येते. पण ज्या कामाचे ते शिकलेले नाहीत, ते काम आपणच त्यांच्या गळ्यात घालतो, हेही खरे.

खरा डॉक्टर कुत्र्याला हात लावण्याआधी विचारतो. वय काय, लस कधी, काय खाल्ले, वावरात फवारणी झाली का, लघवीचा रंग कसा. वजन करतो, नाही तर अंदाज घेऊन कागदावर मांडतो. ताप मोजतो. कुत्र्याचे अंग मुळातच 101 ते 102 फॅरनहाइट असते, आपल्याला गरम लागले म्हणून तो ताप नव्हे. औषधाचे नाव लिहून देतो. लस बर्फाच्या डब्यातून काढून बाटलीवरची तारीख दाखवतो, लेबल कार्डावर चिकटवतो. आणि गरज पडली तर "हे माझ्याकडे होणार नाही, नागपूरला न्या" असे सांगतो. हे शेवटचे वाक्य जो सांगू शकतो, त्याच्यावर मी आंधळा विश्वास ठेवीन. सगळेच येते म्हणणाऱ्यावर नाही.

नागपूरला म्हणजे सेमिनरी हिल्सवरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय. हे 1958 सालचे. तिथल्या चिकित्सालयात मोडलेले हाड, अवघड बाळंतपण, पोटातली गाठ अशी कामे होतात. तळेगावहून अंतर शंभर किलोमीटरच्या आतबाहेर. गाडीभाडे परवडत नाही हे मला ठाऊक आहे. पण संत्र्याच्या हंगामात कळमन्याला आपल्या गावच्या गाड्या जातातच. मागच्या साली एकाने मोडक्या पायाची कुत्री अशीच क्रेटच्या बाजूला बसवून नेली आणि रिकाम्या गाडीने परत आणली. वर्ध्याजवळ पिपरी मेघे येथे करुणाश्रम आहे, जखमी मुक्या जिवांसाठी. तिथेही विचारपूस करता येते.

1962 या टोल फ्री क्रमांकावर जनावरांसाठी फिरत्या पथकाची गाडी मागता येते. कुत्र्यासाठी ती येईलच असे धरून बसू नका, पण विचारायला पैसे पडत नाहीत. फोन करताना एक लक्षात ठेवा. नुसते "तळेगाव" म्हणू नका. आपल्याच जिल्ह्यात तळेगाव टालाटुले आहे, अमरावतीकडे तळेगाव दशासर आहे, पुण्याकडे दाभाड्यांचे आणि ढमढेऱ्यांचे आहे. नुसते आष्टी म्हणालात तर पलीकडचा माणूस बीडची आष्टी समजतो. "तळेगाव श्यामजी पंत, तालुका आष्टी, जिल्हा वर्धा" असे पूर्ण सांगा.

घरातल्या आयाबायांना एक विनंती. भाकर टाकणारा हात तुमचा, म्हणून कुत्रा बिघडला हे पहिल्यांदा तुम्हालाच कळते. त्याला माणसाच्या अंगदुखीच्या गोळ्या देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या आतड्यातून रक्त जाते, मूत्रपिंड निकामी होते. गोचिड्या फार झाल्या, हिरड्या पांढऱ्या पडल्या आणि लघवी लाल झाली तर ते रक्तातले दुखणे असते, दोन दिवस वाट पाहू नका. दोन-तीन महिन्यांच्या पिलाला रक्ताची हगवण लागली तर तासांचा हिशेब असतो. कपाशीवर फवारणी झाली त्या दिवशी कुत्रा बांधून ठेवा. कीटकनाशकाने लाळ गाळत थरथरणारा कुत्रा डॉक्टरकडे नेताना औषधाचा डबा किंवा त्यावरचा कागद सोबत न्या, उतारा त्यावरून ठरतो.

आम्ही यंदा एक केले. लशीची बाटली दहा मात्रांचीही येते, एकदा उघडली की उरलेली फार ठेवता येत नाही, म्हणून एका कुत्र्यासाठी डॉक्टरला ती परवडत नाही. आम्ही दहा घरांची नावे लिहिली, पैसे गोळा केले आणि लाळ-खुरकुताच्या लसीकरणाला डॉक्टर आले त्याच दिवशी कुत्री पारावर आणली. दहाचे अठरा झाले. त्यात गावची बेवारस तीन होती, त्यांचे पैसे किराणावाल्याने भरले. पाराच्या कट्ट्यावर बर्फाचा डबा, प्रत्येकाला वेगळी सुई, प्रत्येकाला कार्ड. आमच्या कुत्रीचे कार्ड मी रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवले आहे.

काकाजींनी नवे पिल्लू आणले आहे, तेही भुऱ्याच नाव ठेवून. ते अडीच महिन्यांचे आहे. पिसाळण्याची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर द्यायची, पुढची मात्रा डॉक्टर सांगतील तेव्हा, मग दरसाल. काकाजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरवर तारखेला लाल पेन्सिलीने गोल केला आहे आणि तोवर पिल्लाला बगिच्यात न्यायचे नाही असे मुलाला बजावले आहे. पिल्लू मात्र रोज संध्याकाळी दाराशी बसून बगिच्याच्या दिशेने भुंकते.