दिवस कमी पडले तर भरता येतात

माझा कॅनडाच्या नागरिकत्वाचा अर्ज फेटाळला गेला. कारण, ११ दिवस कमी पडले. त्या आठवड्यात जुम्याच्या नमाजनंतर मी हे चार ओळखीच्या लोकांना सांगितलं. एक ज्येष्ठ चाचा खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, नाव बघितलं असेल. आपल्या नावाला कोण देतंय?" बाकीच्यांनी माना डोलावल्या. खरं सांगतो, दोन दिवस मला ते बरं वाटलं. चूक माझी नाही, माझ्या नावाची आहे, असं मानलं की माणूस मोकळा होतो.

तिसऱ्या दिवशी मी ते पत्र पुन्हा शांतपणे वाचलं. त्यात माझ्या नावाबद्दल काहीच नव्हतं. तारखा होत्या, आणि त्या बरोबर होत्या.

नियम साधा आहे. अर्जाच्या तारखेआधीच्या पाच वर्षांत किमान १,०९५ दिवस तुम्ही प्रत्यक्ष कॅनडात असायला हवं. कायमचे रहिवासी होण्याआधी विद्यार्थी म्हणून किंवा वर्क परमिटवर काढलेला दिवस अर्धा धरतात, तोही जास्तीत जास्त ३६५ दिवसांपर्यंत. नोकरी तिथं, घरभाडं तिथं, टॅक्स तिथं, पण तुम्ही स्वतः सोलापुरात, तर तो दिवस मोजत नाहीत.

मी मार्च २०१९ मध्ये पुण्याची नोकरी सोडून तिथं गेलो. डिसेंबरात बहिणीच्या निकाहला १९ दिवस घरी आलो. फेब्रुवारी २०२० मध्ये अब्बूंच्या किडनीचं निदान झालं म्हणून पुन्हा आलो. मार्चमध्ये विमानं बंद झाली. सुरू झाल्यावरही अब्बूंना तसं सोडून निघवेना. २०२१ मध्ये परत सात महिने गेले आणि त्यातच अब्बू गेले. मे २०२३ मध्ये मी अर्ज केला तेव्हा एक्सेलमध्ये सगळ्या तारखा मांडल्या, त्या सरकारी कॅल्क्युलेटरमध्ये भरल्या. उत्तर आलं १,१०३. म्हणजे आठ दिवस जास्तच.

बहिणीच्या निकाहचे १९ दिवस मी विसरलो होतो. ते जुन्या पासपोर्टात होते. त्या पासपोर्टाच्या प्रती मीच अर्जाला जोडल्या होत्या. त्यातला शिक्का त्यांनी वाचला, मी वाचला नव्हता. १,१०३ मधून १९ गेले, १,०८४ उरले. मी रोज दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढून पगार घेतो, आणि स्वतःच्या आयुष्याची नोंद तपासली नाही.

आता चाचांच्या वाक्याकडे येऊ. माझ्याजागी कुणी पटेल किंवा जोसेफ असता आणि त्याचे १,०८४ दिवस भरले असते, तर त्यालाही हेच पत्र आलं असतं. उलट, दिवस मोजण्याचा हा रुक्ष नियम आपल्यासारख्यांच्या फायद्याचा आहे. १९७७ पासून अमलात असलेल्या तिथल्या कायद्यात आधी 'चारपैकी तीन वर्षं वास्तव्य' एवढंच होतं. वास्तव्य म्हणजे काय, हे नीट सांगितलं नव्हतं. मग काही न्यायाधीश दिवस मोजायचे, तर काही म्हणायचे, या माणसाच्या जगण्याचं केंद्र कुठे आहे ते पाहू. सारख्याच दिवसांच्या दोन माणसांना दोन वेगळे निकाल मिळू शकत होते. जून २०१५ पासून प्रत्यक्ष हजेरी मोजायला लागले. आधी सहापैकी चार वर्षं, मग ऑक्टोबर २०१७ पासून पाचपैकी तीन. 'जगण्याचं केंद्र' ठरवताना समोरच्याच्या मनातले ग्रह आत शिरायला जागा असते. १,०९५ या आकड्यात तशी जागा फार कमी.

याचा अर्थ तिथं भेदभाव होत नाही असा नाही. डिसेंबर २०११ मध्ये तिथल्या सरकारने फर्मान काढलं की नागरिकत्वाची शपथ घेताना चेहरा झाकलेला चालणार नाही. झुनेरा इशाक या पाकिस्तानातून आलेल्या बाईंनी ते कोर्टात नेलं. ओळख पटवायला एका महिला अधिकाऱ्यापुढे चेहरा दाखवायला त्या तयार होत्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये फेडरल कोर्टात त्या जिंकल्या, सप्टेंबरात अपिलातही जिंकल्या आणि ऑक्टोबरात त्यांनी शपथ घेतली. नकाब घालावा की नाही यावर माझं मत वेगळं असेल, तुमचंही असेल. पण तिथं अन्याय नेमका कुठे आहे हे त्यांना दाखवता आलं. आपण प्रत्येक नकाराला 'नाव बघितलं असेल' म्हणत राहिलो, तर ज्या दिवशी खरंच नाव बघितलं जाईल त्या दिवशी आपलं कोण ऐकणार?

म्हणून नागरिकत्वाच्या कुठल्याही नियमाला मी आता तीन प्रश्न विचारतो. नाव आणि धर्म बदलला तर निकाल बदलतो का? कमी पडलेली गोष्ट माणसाला भरून काढता येते का? आणि नकाराचं कारण विचारायला, त्यावर दाद मागायला जागा आहे का?

पहिल्या प्रश्नावर थांबून चालत नाही, हे कॅनडाचाच इतिहास सांगतो. १९०८ मध्ये तिथं नियम झाला की स्थलांतरिताने आपल्या देशातून थेट, न थांबता, एकाच तिकिटावर आलं पाहिजे. त्यात धर्म नव्हता, वंश नव्हता. पण हिंदुस्थानातून तशी थेट बोटच नव्हती. नियम पाळणं अशक्य होतं, आणि तसाच तो बनवला होता. १९१४ मध्ये 'कोमागाता मारू' ३७६ प्रवासी घेऊन व्हँकुव्हरला पोचली. बहुतेक शीख, काही मुस्लिम, काही हिंदू. दोन महिने बंदरात अडकवून जवळजवळ सगळ्यांना परत पाठवलं. त्यासाठी तिथल्या पंतप्रधानांनी २०१६ मध्ये संसदेत माफी मागितली. वरून सर्वांना सारखा दिसणारा तो नियम माझ्या दुसऱ्या प्रश्नावर नापास होतो. माझे ११ दिवस तसे नव्हते. ते मला भरता येत होते.

आता हेच तीन प्रश्न आपल्या देशातल्या कायद्याला लावू.

भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही वास्तव्याची अट आहे. अर्जाआधीचे १२ महिने सलग, आणि त्याआधीच्या १४ वर्षांत मिळून ११ वर्षं. अट कडक आहे, पण सर्वांना सारखी होती. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तानातून ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांसाठी ११ ची ५ वर्षं केली. त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. कागद नसताना आलेल्यांवरचा 'बेकायदा स्थलांतरित' हा शिक्काही त्यांच्यापुरता पुसला. त्याच सीमेवरून, त्याच वर्षी, तसाच जीव वाचवून आलेला मुस्लिम असेल तर तो शिक्का कायम. आणि बेकायदा स्थलांतरिताला अर्जाचं दारच बंद.

समर्थक म्हणतात, "त्या देशांत मुसलमानांचा छळ कुठे होतो?" पाकिस्तानने १९७४ मध्ये घटनादुरुस्ती करून अहमदियांना बिगरमुस्लिम ठरवलं. अफगाणिस्तानात हजारा शिया पिढ्यानपिढ्या मार खातायत. छळ हा निकष असेल तर छळ विचारा. श्रीलंकेतून आलेले तमिळ हिंदूही या यादीत नाहीत, मग निकष नेमका कोणता? दुसरे म्हणतात, "मुसलमानाला जुन्या वाटेने अर्ज करता येतोच की." येतो, कागद असतील तर, आणि ११ वर्षांनी. एकाच खिडकीपुढे दोन रांगा लावून दुसऱ्या रांगेतल्याला 'तुलाही मिळेलच' सांगणं याला समान वागणूक म्हणत नाहीत.

कॅनडाने मला सांगितलं, तुझे ११ दिवस कमी आहेत. मी ते भरले. सीएए त्या निर्वासिताला सांगतो, तुझा धर्म कमी पडतोय. तो काय भरणार? पहिल्या नकाराला मी अन्याय म्हणणार नाही, म्हणूनच दुसऱ्याला ठामपणे म्हणू शकतो.

मला विचारलं जाईल, "तू देश सोडून चाललास, तुला काय अधिकार?" प्रश्न रास्त आहे. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. तिकडची शपथ घेईन त्या दिवशी कायद्याच्या कलम ९ प्रमाणे माझं इथलं नागरिकत्व संपेल. अजून ते संपलेलं नाही. आणि संपल्यावरही माझी अम्मी, बहीण, तिची मुलं सोलापुरातच असतील. शिवाय परदेशात 'आम्हाला सर्वांसारखं वागवा' म्हणायचं आणि आपल्या देशातल्या धर्माच्या चाळणीवर गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. टोरांटोत दिवाळी, गणपती आणि ईद एकाच हॉलमध्ये साजरी करणाऱ्या माझ्या मराठी मित्रांनाही माझा हाच प्रश्न आहे. इथल्या नागरिकत्वाच्या अर्जात धर्माचा रकाना असता, तर तुम्ही किती दिवस गप्प बसला असतात?

आता थोडं आपल्या घरात डोकावू. नकार आल्यावर मला आलेला पहिला सल्ला होता, "पुढच्या अर्जात छोट्या फेऱ्या लिहूच नको. कुणाला कळतंय?" कळतं. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं अर्ज करता येत नाही. मिळालेलं नागरिकत्वही नंतर काढून घेता येतं. पण पकडलं जाण्याची भीती बाजूला ठेवा. जो समाज आपल्या देशात 'आमच्या शब्दावर आणि कागदांवर संशय घेऊ नका' म्हणतो, त्याने दुसऱ्या देशाच्या कागदावर खोटं लिहायचं?

दुसरी गोष्ट बायकांच्या दिवसांची. माझ्या ओळखीतली एक बहीण लग्न करून कॅनडात आली. बाळंतपणासाठी तिला गावी पाठवलं, आणि सासू आजारी म्हणून १४ महिने तिथंच ठेवलं. पासपोर्ट नवऱ्याच्या बॅगेत. त्याचे दिवस भरले, तो नागरिक झाला. तिचे भरले नाहीत. तिच्या अर्जात हे दिवस 'अर्जदार देशाबाहेर' एवढेच दिसतात. ते दिवस तिने खर्च केले नव्हते, घराने केले होते. यात कुठल्या सरकारचा दोष नाही. हा नियमही सर्वांना सारखा, पण तिला तो भरू दिला नाही तिच्याच माणसांनी. बायकोचा पासपोर्ट बायकोच्या कपाटात असला पाहिजे आणि गावी किती दिवस राहायचं हे तिने ठरवलं पाहिजे. समान नागरिकत्वाची भाषा आपण बोलतो, तर सुरुवात घरातून करू.

ज्यांना असं पत्र आलंय त्यांच्यासाठी कामाचं थोडं. नकार पटला नसेल तर ३० दिवसांत फेडरल कोर्टाकडे परवानगी मागावी लागते. चूक आपलीच असेल तर कोर्टात पैसे घालवू नका, पुन्हा अर्ज करा. दिवस कमी पडल्याच्या नकारानंतर थांबायची सक्ती नाही, अट पूर्ण झाली की करता येतो. ५३० डॉलर प्रक्रिया शुल्क मात्र परत भरावं लागतं.

'११ कमी होते, म्हणून ११ दिवस थांबलो' असा हिशेब करू नका. पाच वर्षांची खिडकी रोज पुढे सरकते. रोज एक नवा दिवस आत येतो, एक जुना बाहेर पडतो. बाहेर पडणारा दिवस तुम्ही कॅनडात काढलेला असेल तर बेरीज जागच्या जागी राहते. तो तुम्ही बाहेर घालवलेला किंवा तिथं येण्याआधीचा असेल तरच बेरीज एकाने वाढते. सगळे पासपोर्ट, जुने धरून, समोर ठेवून एकेक शिक्का वाचा. वर महिना-दोन महिने जास्तीचे ठेवा. अमेरिकेत असाल तर हिशेब वेगळा आहे. तिथं साधारणपणे पाच वर्षांत किमान ३० महिने प्रत्यक्ष हजेरी लागते, आणि एका दमात सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर सलग वास्तव्य तुटलं असं आधी धरून चालतात. तुटलं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

मी एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा अर्ज केला. या वेळी माझे १,४०० हून जास्त दिवस भरतात. फॉर्ममध्ये प्रत्येक गैरहजेरीचं कारण लिहायचं असतं. २०२१ च्या सात महिन्यांपुढे मी लिहिलं, 'वडिलांचं आजारपण आणि निधन'. ते दिवस हिशेबात धरत नाहीत, आणि धरावेत असं माझं म्हणणंही नाही. अब्बूंच्या उशाशी काढलेल्या त्या दिवसांची किंमत मला ठाऊक होती, ती मी मोजली. ती मोजायची संधी प्रत्येकाला मिळावी, नाव आणि धर्म न विचारता, तिकडेही आणि आपल्याकडेही.