गेलेली पानं

मेंढीकोट खेळताना काका आपल्या बाजूला यावेत म्हणून आम्हा पोरांत भांडणं व्हायची. किती हुकूम पडले, कोणती मेंढी अजून बाहेर आहे, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. परवा 'द कार्ड काउंटर' पाहताना त्यांची फार आठवण आली.

पॉल श्रेडरचा हा २०२१ चा सिनेमा. विल्यम टेल (ऑस्कर आयझॅक) गावोगावच्या कॅसिनोत पत्ते खेळत फिरतो. जुगारी म्हटलं की आपल्याला सर्वस्व पणाला लावणारा धर्मराज आठवतो. हा अगदी उलटा. थोडं लावायचं, थोडं जिंकायचं, कुणाच्या डोळ्यांवर यायच्या आत उठायचं. मुक्काम साध्या मोटेलात. तिथंही खोलीत शिरल्याबरोबर सगळं सामान पांढऱ्या चादरींत गुंडाळून दोरीनं बांधून टाकायचं!

पानं मोजायची रीत तो सुरुवातीलाच सांगतो. दुर्री ते छक्की पडली की एक अधिक, दश्शी, चित्र किंवा एक्का पडला की एक उणा, बाकीची शून्य. बेरीज वाढली म्हणजे मोठी पानं अजून शिल्लक आहेत, तेव्हा रक्कम वाढवायची. रूलेटच्या चाकाला मागची फेरी आठवत नसते. ब्लॅकजॅकमध्ये मात्र जे पान गेलं त्यावर पुढचं ठरतं. मला वाटतं, सगळा सिनेमा या एका नियमात आहे.

कारण टेल पूर्वी इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगात अमेरिकन सैनिक होता आणि कैद्यांचा छळ करत होता. तिथले खरे फोटो २००४ साली जगभर छापून आले. सिनेमात फोटोत दिसणारा टेल लष्करी तुरुंगात जातो (पानं मोजायला तिथंच शिकतो), आणि त्याला हे सगळं शिकवणारा गॉर्डो मोकळा राहतो. तरी 'वरून हुकूम होता' ही पळवाट टेल घेत नाही. हे मला फार आवडलं.

(शेवट आधी नको असेल त्यांनी हा परिच्छेद गाळावा.) कर्क नावाच्या पोराचा बापही त्याच तुरुंगात होता; पुढे त्यानं आत्महत्या केली. पोराला गॉर्डोचा सूड घ्यायचाय. टेल त्याला पैसे देऊन आईकडे जा म्हणतो, तो ऐकत नाही, आणि मरतो. मग टेल स्वतः गॉर्डोच्या घरी जातो. दोघं आतल्या खोलीत, कॅमेरा बाहेर, फक्त आवाज. टेल पुन्हा तुरुंगात.

याला कुणी प्रायश्चित्त म्हणेल. मला नाही पटत. छळाची फेड त्यानं छळानंच केली. आणि ज्यांचा छळ झाला ते कुठे आहेत? टेलच्या स्वप्नात येतात, ओरडतात, जातात. एकालाही नाव नाही.

प्रत्यक्षात ते आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियातल्या एका ज्युरीनं अबू घ्रैबच्या तीन माजी कैद्यांना एका कंत्राटदार कंपनीनं ४.२ कोटी डॉलर द्यावेत असा निकाल दिला. दावा २००८ सालचा. त्या तिघांत एक शाळेचा मुख्याध्यापक होता, एक पत्रकार, एक फळविक्रेता. हे वाचलं आणि सिनेमातली रिकामी जागा एकदम दिसली.

आपलंही असंच होतं ना? कुणाला दुखावलं की वर्षानुवर्षं मनात हिशोब मांडत बसतो, स्वतःला शिक्षा करतो, आणि त्यालाच पश्चात्ताप समजतो. पण ज्याला दुखावलं त्याच्या दारात जाऊन उभं राहणं काही होत नाही. गेलेली पानं टेलनं अचूक मोजली. ती पानं म्हणजे माणसं होती, एवढंच मोजायचं राहिलं.

असो. सिनेमा जरूर पाहा. आणि पाहिलात की काय वाटलं ते सांगा.