पाचवा पाटा

मागच्या शनिवारी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनाला गेलो होतो, आणि तेव्हापासून एक वाक्य डोक्यातून जात नाही. परीक्षक म्हणून आलेले गृहस्थ आमच्या केंदूर गावच्या एका नववीतल्या मुलाच्या टेबलापाशी थांबले. त्यानं केलेल्या गाडीकडं उभ्या उभ्या पाहिलं आणि म्हणाले, "खेळणं छान आहे. पण यात विज्ञान कुठाय?" मुलगा गप्प राहिला. गृहस्थांनी कागदावर काहीतरी टिपलं आणि पुढं गेले. सगळं मिळून दोन मिनिटंही लागली नाहीत. मला राग आला. आठवडा उलटला तरी तो उतरलेला नाही, म्हणून आजचं सदर त्या गाडीवर.

गाडी म्हणजे त्याच्या वडिलांची पिकअप. तीच, जी आमच्या आळीत रात्री दोनला कांदा भरून चाकणला निघते आणि जिच्या आवाजानं मला जाग येते. पोरानं ती दहास एक प्रमाणात केलीय. म्हणजे खऱ्या गाडीतला एक सेंटिमीटर मॉडेलात एक मिलिमीटर. दिवाळीच्या सुट्टीत हात घातला, पुरी व्हायला दोन महिने लागले. सांगाडा सनबोर्डचा, काचा ओएचपी शीटच्या, ताडपत्री जुन्या छत्रीच्या कापडाची. चाकांची गोष्ट मात्र नीट सांगायला हवी. टायरचा व्यास टेपनं सत्तर सेंटिमीटर भरला, तेव्हा मॉडेलात सत्तर मिलिमीटरचं चाक हवं. घरात पाइपलाइनच्या त्रेसष्ट मिलिमीटरच्या पाइपाचा तुकडा पडलेला होता. त्यावर जुन्या चपलेचं साडेतीन मिलिमीटर जाडीचं रबर गुंडाळलं. खालून साडेतीन, वरून साडेतीन, मध्ये त्रेसष्ट. बरोब्बर सत्तर. हा हिशेब त्यानं मला बोटांवर करून दाखवला तेव्हा त्याचे डोळे बघण्यासारखे होते. परीक्षकांनी विचारलं असतं तर त्यांनाही दाखवला असता.

डाव्या मडगार्डला बाजारात कुणीतरी ठोकून गेलंय, तो पोचा मॉडेलातही आहे. सनबोर्डला पोचा पडत नाही, सनबोर्ड मोडतो. म्हणून तेवढा भाग त्यानं गोडेतेलाच्या डब्याचा पत्रा कापून केला आणि चमच्याच्या पाठीनं हळूहळू ठोकून आत बसवला. मागच्या फाळक्याची एक कडी तुटलीय, तिथं खऱ्या गाडीला तार बांधलीय. इथंही तारच. दुकानातल्या खेळण्यातली गाडी शोरूममधून आत्ताच निघाल्यासारखी असते. ही गाडी आमच्या रस्त्यांवर नऊ वर्षं चाललेली आहे आणि ती तशी दिसते. या पोराचं हे काम मला कारागिराचं काम वाटतं.

आता जे परीक्षकांना कळलं नाही, ते. मागच्या आसावर पोलादी पाटे असतात. टोकं वर करून उलट्या कमानीसारखे एकावर एक रचलेले, सगळं ओझं त्यांच्यावर. पोराला तेही करायचे होते. खोक्यांना बांधतात ती प्लॅस्टिकची पट्टी कापून पाटे करायचे असं त्यानं ठरवलं, पण प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा किती आखूड, हे मोजायला हवं होतं. पाटे चिखलानं लिंपलेले. मग पठ्ठ्या पोतं अंथरून गाडीखाली शिरला, खरवडणीनं चिखल काढला, जुन्या टूथब्रशनं घासून एकेक पाटा मोकळा केला. डाव्या बाजूला वरून पाचव्या पाट्यावर, यू बोल्टच्या शेजारी, केसाएवढी रेघ दिसली. आधी त्याला वाटलं ओरखडा असेल. नख फिरवलं तर नख अडकलं. बाहेर येऊन वडिलांना म्हणाला, "पप्पा, पाटा चिरलाय."

तो गुरुवार होता. शनिवारच्या बाजारासाठी शुक्रवारी रात्री तीस पिशव्या भरायच्या होत्या. पन्नास किलोची एक धरली तर दीड टन. चिरलेला पाटा घेऊन चाकण-शिकरापूर रस्त्यावर, कंटेनरच्या रांगेत, रात्री तीन वाजता. पाटा वाटेत तुटला असता तर गाडी एका बाजूला बसली असती, आणि मागचा कंटेनर वेळेत थांबला असताच असं नाही. वडिलांनी शुक्रवारी सकाळी गाडी गॅरेजला लावली, दुपारी पाटा बदलून आणली. मला हे त्यांनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलला होता. ते म्हणाले, "भाऊ, नऊ वर्षं मी गाडी चालवतोय, पण खाली कधी वाकून बघितलं नव्हतं."

छोटी गाडी करायची तर मोठी गाडी आधी कळावी लागते. मॉडेलच्या किटांसाठी जगभर नाव असलेल्या जपानच्या तामिया कंपनीला १९७६ साली पोर्शचं मॉडेल काढायचं होतं, तेव्हा त्यांनी खरीखुरी पोर्श ९११ विकत घेऊन सुटी केली होती. आपल्याकडं सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याच्या, म्हणजे यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावच्या, दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातून किकवर चालू होणारी छोटी जीप बनवली. साठेक हजार खर्च आला. २०२१ च्या डिसेंबरात आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं आणि जानेवारीत त्या जीपच्या बदल्यात लोहारांना बोलेरो मिळाली. इतकं लांब तरी कशाला? आमच्या शेजारी पाबळला डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला. शाळेत न रमलेल्या पोरांना वेल्डिंग, सुतारकाम, शेती करता करता शिकवायचं, ही त्यांची रीत. तिथं जीपचे जुने भाग वापरून 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. अमेरिकेतल्या एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे वस्तू घडवायची प्रयोगशाळा, २००२ साली उभी राहिली तीही पाबळलाच. आणि आमच्याच तालुक्यात रांजणगावला २०१७ पासून जीप कंपास तयार होते. मोटार कंपन्या नवी गाडी पत्र्यात येण्याआधी मातीत घडवतात, मॉडेल म्हणूनच, आणि त्याला कुणी खेळणं म्हणत नाही. अशा तालुक्यातल्या शाळेत मोजमाप घेऊन गाडी घडवणाऱ्या पोराला विज्ञान कुठाय असं विचारलं जातं, याचं मला फार वाईट वाटतं.

पोराच्या वडिलांचं ते वाकून बघण्याचं वाक्य ऐकल्यापासून मी गावातल्या गाड्यांकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागलोय. आणि त्यातून दुसरीच गोष्ट सलायला लागलीय. ती म्हणजे गाडी धुणं.

केंदूरला पाण्याची काय स्थिती असते हे इथल्या वाचकाला सांगायला नको. उन्हाळ्यात वेळ नदीचं पात्र कोरडं, विहिरी तळाला, बायका टँकरची वाट बघतात. अशा गावात रोज सकाळी नळी लावून गाड्या धुतल्या जातात. मी परवा एका दारात उभा राहून मोजलं, वीस मिनिटं नळी चालू होती. टप चकचकीत, काचा चकचकीत. मी विचारलं, ऑइल कधी बघितलंस? तरुण मुलगा, कंपनीत कामाला, हुशार. म्हणाला, "सर्व्हिसिंगला बघतात की." गाडी वरून धुतली म्हणजे सांभाळली, हा समज मोडायला हवा. धुळीची गाडी दोन बादल्यांत आणि एका ओल्या फडक्यात स्वच्छ होते. उरलेल्या पंधरा मिनिटांत बॉनेट उघडा.

त्या पंधरा मिनिटांत काय बघायचं ते सांगतो, कारण या बाबतीत मला ठेच लागलेली आहे. माझी गाडी म्हणजे ओम्नी. तिचं इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की सगळं समोर. तरी मी वर्षानुवर्षं तिच्या रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत आलो. आमच्या बोअरला क्षार किती, ते घरातल्या पाणी तापवायच्या पातेल्याकडं बघितलं की कळतं, आतून पांढरा कडक थर. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसत होता. एका एप्रिलात दुपारी काटा लालवर गेला, शिकरापूरच्या अलीकडं गाडी बंद पडली. हेड गॅस्केट गेलं होतं. मिस्त्रीनं रेडिएटर खोलून नळीत तार घातली, ती चार बोटांवर अडली. मागच्या सीटवर आई होती, तिला दवाखान्यात न्यायचं होतं. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली ती पाऊण तास बसून राहिली, एक शब्द बोलली नाही. ते ऊन मला अजून आठवतं. कूलंटची बाटली तेव्हा काहीशे रुपयांची होती. कूलंट आतून गंज धरू देत नाही आणि पाणी उकळायचं तापमान वाढवतं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये घालू नका. आणि गाडी गरम असताना झाकण उघडू नका, वाफेनं भाजलेले हात मी बघितलेत.

दुसरी गोष्ट धूळ. पाबळ-केंदूर पट्ट्यात उन्हाळ्यात रस्त्यावरची धूळ पिठासारखी उडते आणि एअर फिल्टरमध्ये जाऊन बसते. कंपनीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरांपर्यंत इथं थांबू नये. महिन्यातून एकदा काढून बघा, आतून बाहेर हवा मारा. बाहेरून आत मारली तर धूळ अजून खोल जाते. बॅटरीत पाणी घालायचं असेल तर डिस्टिल्डच, तेही प्लेटा बुडण्यापुरतं. टर्मिनलवर पांढरी-निळसर पूड धरली की गरम पाण्यानं धुऊन पुसून थोडं व्हॅसलिन लावायचं. थंडीत सकाळी गाडी सुरू होत नाही, त्याचं कारण पुष्कळदा ही पूडच असते. आणि टायर. चारचाकीच्या टायरची नक्षी १.६ मिलिमीटरच्या खाली गेली की तो टायर रस्त्यावर आणायला कायद्यानं मनाई आहे. हवा सकाळी टायर थंड असताना बघायची. दहा-वीस किलोमीटर पळून आल्यावर बघितली तर जास्तच दाखवते.

ही १.६ ची गोष्ट मी त्या पोरालाही सांगितली. त्यानं लगेच दहानं भागलं. "म्हणजे माझ्या टायरवर ०.१६. जाडसर कागदाएवढं." थोडा विचार करून म्हणाला, "काका, पुढचा डावा टायर आतल्या बाजूनं जास्त घासलाय, तो मी तसाच केलाय. अलाइनमेंट गेली असणार ना?" मला वाटतं, हो. वडिलांना सांगायचं आमचं ठरलंय.

हे बोलणं त्यांच्या ओसरीवर झालं. प्रदर्शनातून आणलेलं मॉडेल कोनाड्यात, देवाच्या फोटोशेजारी ठेवलेलं. मी विचारलं, हातात घेऊ? तो म्हणाला, घ्या की. मी ते उलटं केलं. प्रदर्शनात ते कुणी उलटं केलं नव्हतं. खाली स्टेपनी साखळीला टांगलेली, सायलेन्सर बॉलपेनच्या रिफिलचा, डिझेलची टाकी काड्यापेटीवर बेगड चिकटवून केलेली. आणि पाटे. एकेका बाजूला सहा, कागदाएवढ्या फटी ठेवून रचलेले, गंजाच्या तांबूस रंगात रंगवलेले. डाव्या बाजूचा वरून पाचवा मात्र काळा कुळकुळीत. मला वाटलं रंग संपला असेल.

"हा राहिला का रे?"

"नाही काका," तो म्हणाला. "तो नवा आहे ना. अजून गंजला नाही."